पेटी झोपली असेल

खालापूरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे मी डिस्कची पेटी बसवली आणि काही दिवसांनी सहज बघायला गेलो, तर पेटी जागेवर नव्हती. टेबलावरून नुसती वायर निघाली होती आणि भिंतीच्या कडेकडेनं जाऊन लोखंडी कपाटाच्या फटीत शिरली होती. डॉक्टर खुशीत म्हणाले, "एवढा मोलाचा माल उघड्यावर कसा ठेवायचा? कुलूप लावून ठेवलाय." कपाट उघडलं तर आतून भाकरीच्या तव्यासारखी झळ आली. पेटीवर बोट टेकववत नव्हतं. मी ती बाहेर काढून पंख्याखाली ठेवली आणि डॉक्टरांना समजावलं की हिला चोराची भीती कमी, गुदमरायची जास्त.

खोपोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात दसऱ्याला पेटीची पूजा झाली. हळदकुंकू, अक्षता, आणि झेंडूचा जाडजूड हार नेमका पेटीच्या पंख्याच्या जाळीवर. मी हार काढायला गेलो तर तिथले हिशेबनीस हात धरून म्हणाले, "पूजेचा हाय. संध्याकाळपर्यंत हलवायचा नाय." शेवटी तडजोड झाली. हार पेटीच्या पायाशी ठेवला आणि देव आणि डिस्क दोघंही थंड राहिले.

हे वाचून काहींना प्रश्न पडेल, ही पेटी म्हणजे नेमकं काय. माझ्या बायकोच्या माहेरी अजून समजतात की मी टीव्ही दुरुस्त करतो. तर आधी ते सांगतो.

छोट्या ऑफिसात चार-पाच कॉम्प्युटर असतात. ज्याची फाइल त्याच्याकडे. एकाच नकाशाच्या वा एकाच अल्बमच्या 'फायनल', 'नवीन फायनल' आणि 'हाच फायनल' अशा नकला पेन ड्राइव्हमधून घरोघरी फिरत असतात. मग मी तिथं एक जुना पण धडधाकट कॉम्प्युटर कोपऱ्यात बसवतो. त्यावर कुणी काम करायचं नाही, त्यानं फक्त सगळ्यांच्या फाइली सांभाळायच्या. हा सर्व्हर. वर्षा-दोन वर्षांत त्याचं पोट भरतं. मग बाहेरून एक पेटी जोडायची. तिच्यात दोन मोठ्या डिस्क असतात. एकीवर जे लिहिलं जातं ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरी कामाला येते. सर्व्हरवर एक रिकामा फोल्डर बनवायचा आणि सांगायचं की इथून पुढे हा फोल्डर उघडला की पेटीतलं दिसू दे. वापरणाऱ्याला पेटी दिसतही नाही, तो आपला फोल्डर उघडतो.

लोधिवलीतून मोटरसायकल काढायची आणि चौक, खालापूर, खोपोली, कर्जत असं फिरून ही कामं करायची, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. काम मला येतं. हे मी खोट्या विनयाशिवाय सांगतो. माझ्या हातानं बसवलेल्या पेट्या या दोन तालुक्यांत धडधडत आहेत आणि लोक रात्री निवांत झोपतात. पण काम येतं या भरवशावर माणूस काय काय बोलून जातो, त्याबद्दल लिहायचं ठरवून मी आज बसलो आहे.

कर्जतमध्ये बाळाशेठचा फोटो स्टुडिओ आहे. बाळाशेठ स्वतः शूटिंगला जातो. अंगानं भरलेला, बोलका, लग्नात नवरदेवाच्या बापावरही ओरडून त्याला जागेवर उभा करणारा माणूस. त्याची बायको सुरेखावहिनी दुकान सांभाळते. सांभाळते म्हणजे गल्ल्यावर बसते असं नाही. कॅमेऱ्यातून आलेलं सगळं उतरवणं, व्हिडिओ कापणं-जोडणं, अल्बम लावणं, हे सगळं तिचं. तालुक्यातल्या कित्येक लग्नांत नवरी हसताना दिसते ती वहिनीनं रडतानाचे तुकडे बाजूला काढले म्हणून. पेटी घ्यायचा हट्टही तिचाच होता. बाळाशेठचं म्हणणं, "आतापर्यंत नव्हती तर लग्नं लागत नव्हती काय गं?" पण तिनं ऐकलं नाही.

मी पेटी बसवली. जुनं सगळं तिच्यात हलवलं, सर्व्हरची स्वतःची डिस्क मोकळी केली. यूपीएसवर जागा उरली नव्हती म्हणून पेटीची पिन फोटोच्या पडद्यामागच्या वेगळ्या बोर्डात लावली. आणि एक सोय केली. पेटी बंद असली तरी सर्व्हरनं अडून बसू नये, आपला चालू व्हावा, म्हणजे दुकानातलं प्रिंटिंग थांबणार नाही. वहिनीला मी सगळं शिकवलं. बंद करताना आधी सर्व्हर, मग पेटी. चालू करताना आधी पेटी, मग सर्व्हर.

आता आमच्या भागातली एक सवय सांगायला हवी. मे महिन्यात दुपार कलली की घाटाकडून आभाळ भरून येतं. पहिला गडगडाट झाला की घराघरांत एकच ओरडा होतो, "पिना काढा!" टीव्ही, फ्रिज, मिक्सर, चार्जर, जो ज्या बोर्डाजवळ असेल तो तिथली पिन उपटतो. कुणी कुणाला विचारत नाही की सांगत नाही. इथं विजेनं प्रत्येकाच्या घरचं काही ना काही जाळलेलं आहे, त्यामुळे ही सवय आईच्या दुधातून आल्यासारखी पक्की. माझ्या घरी मीही हेच करतो.

आणि मे महिना म्हणजे लग्नांचा. एका दिवसात दुपारी एक लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात हळद.

अशाच एका दुपारी मी खोपोलीत शिडीवर उभा होतो, छतातून केबल ओढत. वहिनीचा फोन आला. मी तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला.

"भाऊ, फोल्डर उघडला तर सगळं रिकामं दिसतंय. काहीच नाही आत."

"वीज गेली होती का?"

"गडगडायला लागलं म्हणून मी सर्व्हर नीट बंद केला होता. तुम्ही सांगितलं तसाच. आता आभाळ उघडलं, चालू केलाय."

"मग पेटी झोपली असेल. उठायला वेळ घेते ती. घाबरू नका."

"मग थांबू का थोडं? आजच्या लग्नाची कॅमेऱ्यातली कार्डं उतरवायचीत. ह्यांना ती संध्याकाळच्या हळदीला न्यायचीत."

"थांबायचं कशाला? टाकत राहा बिनधास्त. जुनं दिसेल मागून."

आणि मी फोन खिशात टाकून पुन्हा केबल ओढायला लागलो. असं मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं असेल. पेटी खरंच झोपते, खरंच उशिरा उठते. माझा आवाज ठाम असतो. लोकांना तो ठामपणाच हवा असतो.

दोन दिवसांनी बाळाशेठचा फोन आला, तो मात्र वेगळ्या आवाजात. "मनोहर, ये. लग्न गेलंय."

मी पोचलो तेव्हा दुकानात बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, कपाळावर हात. ते नवरीचे मामा. लग्न कर्जतच्या हॉलमध्ये झालं होतं आणि नवरीचा आजा, ज्यानं तिला लहानपणापासून वाढवलं, तो मांडीचं हाड मोडून घरी खाटेवर होता. त्यानं लग्नातलं काहीच बघितलं नव्हतं. मामा त्याच्यासाठी व्हिडिओ न्यायला आले होते.

"म्हातारा सारखा इचारतो," मामा म्हणाले. "आला का, आला का. आता त्याला काय सांगू मी?"

बाळाशेठनं मला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोरच बोलला. "फोल्डरमध्ये सगळी जुनी लग्नं हाईत. हेच तेवढं नाय. हिनं कार्डं न उतरवताच मला दिली. मी हिच्या भरवशावर पुसली आन् त्याच्यावर हळद शूट केली."

"उतरवली," वहिनी म्हणाली. ती उभी होती, दोन्ही हात टेबलावर टेकून. "उतरवून चालवून बघितली. मंगलाष्टकाच्या वेळी भटजींचा चष्मा पडला, तोही बघितला मी."

"मग गेलं कुठं? उडून गेलं?"

मी बसलो. फोल्डर तपासला. पेटी तपासली, दोन्ही डिस्क उत्तम. नावानं शोधलं, तारखेनं शोधलं. कार्डं बघितली, त्यांच्यावर हळद बसली होती, खालचं काही हाती लागण्यासारखं नव्हतं. सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरही एकदा नजर टाकली. ती बरीच भरलेली दिसली. माझ्या डोळ्यांनी ते वाचलं आणि मी पुढे गेलो. पुढे का गेलो? कारण तोवर माझ्या मनात उत्तर तयार झालं होतं. इतक्या वर्षांच्या अनुभवाचं उत्तर. माणसं म्हणतात उतरवलं आणि उतरवलेलं नसतं.

मी म्हणालो, "वहिनी, घाईत कधीकधी कॉपी झाल्यासारखं वाटतं. कार्डावरूनच चालत असतं, आपल्याला वाटतं आत आलं."

बाळाशेठनं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "आणि मी तुम्हाला फोन केला होता, ते?"

"केला होता," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. फोनवर तिनं काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते मला त्या क्षणी पूर्ण आठवत होतं. मामा ऐकत होते, बाळाशेठ ऐकत होता. माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. मी स्वतःला समजावलं की फोनचा आणि याचा काही संबंध नाही.

"उद्यापासून कार्डं मी बघणार," बाळाशेठ बायकोला म्हणाला. "तू आपली पासपोर्ट फोटो काढ."

मामा उठले, चप्पल घातली आणि नमस्कार न करता गेले.

मी चौककडे निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं, मोटरसायकल बंद करून उभा राहिलो. आणि तिथं, पुढच्या टेंपोतल्या कोंबड्यांकडे बघत असताना, मला ती भरलेली डिस्क आठवली. सर्व्हरची स्वतःची डिस्क. ती मीच रिकामी केली होती. तिथं काहीही ठेवायचं नाही असं मीच ठरवलं होतं. मग ती भरली कुणी?

फाटक उघडलं तेव्हा मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी मोटरसायकल उलटी फिरवत होतो. एका रिक्षावाल्यानं मला जे म्हटलं ते इथं छापता येणार नाही.

दुकानात वहिनी एकटी होती. बाळाशेठ शूटिंगला गेला होता. मला बघून ती म्हणाली, "काय, आणखी काही घालवायचं राहिलंय का?"

"वहिनी, पेटी जरा बाजूला करायची आहे. पाच मिनिटं."

"करा. माझं काय आहे त्यात आता."

मी पेटीचा आणि त्या फोल्डरचा संबंध तोडला. फोल्डर पुन्हा उघडला. जुनी लग्नं सगळी दिसेनाशी झाली. आणि आत एकच गोष्ट होती. नवरीच्या नावाचा फोल्डर.

काय झालं होतं ते मी तिला सांगितलं, तुम्हालाही सांगतो. सर्व्हरवरचा तो फोल्डर म्हणजे घरातली फरशी समजा. पेटी जोडली की फरशीवर सतरंजी पसरते. आपण जे ठेवतो ते सतरंजीवर ठेवतो. त्या दुपारी पेटी चालूच नव्हती, म्हणजे सतरंजी अंथरलेलीच नव्हती. वहिनीनं लग्न ठेवलं ते उघड्या फरशीवर. दुसऱ्या दिवशी पेटी चालू झाली, सतरंजी वरून पसरली. जुनं सगळं सतरंजीवर दिसायला लागलं आणि लग्न खाली झाकलं गेलं. गेलं कुठंच नव्हतं.

"पण पेटी बंद कशी?" ती म्हणाली. "मी सर्व्हर बंद केला. पेटीची पिन मी काढलीच नाही. पडद्यामागं तर मी गेलेही नाही." मग थांबली. "हे तिथं उभे होते. स्टॅंड गुंडाळत."

तिनं बाळाशेठला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"परवा गडगडलं तेव्हा पडद्यामागची पिन तुम्ही काढली?"

"गडगडल्यावर काढणारच ना! दुसऱ्या दिवशी सकाळी लावली की परत. का?"

"लग्न मिळालं."

"मिळालं? अगं मी म्हणतच होतो..."

"काय म्हणत होतात?"

पलीकडे थोडा वेळ नुसता बॅंजो ऐकू आला. मग बाळाशेठ म्हणाला, "रेंज नाय गं इथं," आणि फोन कट झाला.

वहिनीनं व्हिडिओ लावला. मंगलाष्टकं सुरू होती. भटजींचा चष्मा पडला, कुणीतरी वाकून उचलून दिला. ती खुर्चीवर बसली. आनंदानं काही बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आधी दोन ठिकाणी नक्कल काढा."

मी काढली. मग मी तिला म्हणालो की फोनवर मीच टाकत राहा म्हटलं, चूक माझी.

"मला काय सांगता? मला माहीत आहे ते. मघाशी बोललात ते माणसांत बोललात. आता हेही माणसांत सांगा. उद्या पेन ड्राइव्ह द्यायला मी त्यांच्या घरी जाणार आहे. तुम्ही यायचं."

त्या दुपारी तिथंच बसून मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. रिकाम्या फोल्डरला असं कुलूप घातलं की पेटी जोडलेली नसेल तर त्यात काही टाकताच येणार नाही. आत फक्त एक फाइल ठेवली, तिचं नाव 'पेटी बंद आहे, थांबा'. फोल्डर उघडला की तेवढंच दिसायचं. पेटीची पिन यूपीएसवर आणली, त्यासाठी तिथला मोबाइलचा चार्जर हाकलला. आणि आणखी एक डिस्क, जी आठवड्यातून एकदा भरून वहिनीनं घरी न्यायची. कारण दोन डिस्कवर एकदम लिहिलं जातं ही गोष्ट डिस्क मेली तर वाचवते. माणसानं चुकून पुसलं तर ते दोन्हीकडून एकदम पुसलं जातं. त्यानंतर मी एकेक करून सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन आलो आणि सगळीकडे हे कुलूप घातलं. आता माझ्या कुठल्याही पेटीत ही चूक होणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. खालापूरच्या अलीकडचं गाव, नवीन स्लॅबचं घर, ओटीवर चपलांचा ढीग. अर्धी आळी लग्न बघायला जमली होती. आजा टीव्हीसमोर खाटेवर, पाठीला उशा लावून. मामांनी वहिनीच्या हातून पेन ड्राइव्ह घेतला, तिच्याकडे नीट न बघताच. "मिळाला म्हंजी झालं," एवढंच म्हणाले. त्यांच्या मनात अजून तेच होतं की या बाईनं घालवलेलं कुणीतरी शोधून काढलं.

मी पुढे झालो. "मला जरा सांगायचं होतं..."

"बाजूला हो रं!" आजा ओरडला. "टीव्हीच्या म्होरं उभा ऱ्हायलास."

मी बाजूला झालो. कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी चहा. व्हिडिओ सुरू झाला. नवरी आली तसा आजा उशीवरून सरळ झाला. बायका एकमेकींना साड्या दाखवायला लागल्या. आता कुणाला काय सांगायचं? लोक आनंदात आहेत, उगाच त्यात विरजण कशाला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. चहा चांगला होता. मी दुसऱ्या खुर्चीकडे, वहिनीकडे बघायचं टाळलं.

वरात सुरू झाली. मामा नाचायला लागले आणि घरात हशा पिकला. तेवढ्यात वहिनी उठली, मामांच्या हातातून रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. पडद्यावर मामा एक पाय हवेत धरून उभे.

"आगं आगं, काय झालं? परत गेलं का काय?" कुणीतरी म्हणालं.

"काही गेलं नाही," वहिनी म्हणाली. "आधी यांचं ऐका. मग बघा."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी कप खाली ठेवला. सतरंजी, फरशी, पेटी असलं सगळं समजावून सांगायची तयारी मी रस्त्यात केली होती. त्यातलं काही बोललो नाही.

"वहिनींनी त्या दिवशी काम बरोबर केलं होतं," मी म्हणालो. "त्यांना शंका आली म्हणून त्यांनी मला विचारलंही होतं, थांबू का. मीच म्हटलं, थांबू नका. त्यामुळे ते भलतीकडे गेलं. आणि काल दुकानात मामांसमोर त्यांच्यावर आलं तेव्हा मला हे माहीत होतं. मी गप्प बसलो."

मामा वहिनीकडे बघत राहिले. "म्हंजी तुमी उतरवली व्हती?"

"होती."

"आन् मी तुमच्या दुकानातनं नमस्कार बी न करता आलो."

"काय म्हंतोय त्यो?" आजानं विचारलं. त्याला कमी ऐकू येत असावं.

मामा मोठ्यानं म्हणाले, "ह्या ताई बराबर व्हत्या, असं म्हंतोय! चूक ह्येची व्हती!"

आजानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. रागावलेला नव्हता, पण सोडतही नव्हता.

"मंग त्ये तवाच बोलायचं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"बरं. आता ह्या मामाला तंगडी खाली ठिवू दे. किती येळ उभा ऱ्हायचा त्यो?"

घर हसलं. वहिनीनं बटण दाबलं.